गुरं हरवणाऱ्या बाईंची शाळा

शाळेच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा 'शाळेचा इतिहास' लिहायचं काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच, की माझं आडनाव पंडित. या आडनावानं मला आयुष्यभर असंच गोत्यात आणलंय. लग्नघरी लोक मला मुहूर्त विचारतात, शाळेत श्लोकाचा अर्थ विचारतात, आणि मी दोन्हीकडे खोकून वेळ मारून नेतो. तर कागद घेऊन बसलो. 'त्र्यंबकेश्वरच्या पुढे, घाट उतरल्यावर वेळूचा पाडा नावाची वस्ती आहे' असं एक वाक्य लिहिलं. दुसऱ्या वाक्यात निकमबाई आल्या. तिसऱ्यातही त्याच. पानं संपली तरी त्या काही बाजूला सरकेनात.

सरपंचानं वाचून पाहिलं आणि म्हणाला, "सर, हा बाईंचा इतिहास झाला. शाळेचा कुठाय?"

शेवटी दुसऱ्या कुणीतरी खोल्या मोजून इतिहास लिहिला आणि तोच छापला गेला. माझा मजकूर माझ्याकडेच राहिला. बाई आता नाहीत, गेल्या वर्षी गेल्या. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "पंडित, तुमचं लिहिणं परत आलं ना? चला, जेवा." त्यांचं सगळ्या दुखण्यांवर हेच औषध होतं. कुणी भांडत आलं, रडत आलं, तक्रार घेऊन आलं, तरी बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी जेवा, मग रागवा." जेवल्यावर रागावणं फार थोड्यांना जमतं. मला तर कधीच जमलं नाही.

बाई बुटक्या, रुंद खांद्याच्या, निफाडकडच्या शेतकऱ्याघरच्या. वर्गात शिकवताना भाषा पुस्तकातली, वर्गाबाहेर पाऊल टाकलं की 'हाय' आणि 'नाय'. अंबाड्यात खडू खोचायची सवय होती आणि तो तिथं आहे हे विसरायचीही. मग सगळ्या वर्गाला खडू शोधायला लावायच्या. मुलांना तो समोर दिसत असायचा, पण कुणी सांगायचं नाही, कारण शोधण्यात धड्याचा निम्मा वेळ निघून जायचा.

स्वतःच्या हुशारीबद्दल त्यांनी कुणाचाही गैरसमज होऊ दिला नाही. पहिल्याच दिवशी नव्या मुलांना सांगायच्या, "मी तिसरीत दोनदा नापास झालेय. म्हणून मला तिसरी लय चांगली येते. चौथीत एकदाच बसले, ती जरा कच्ची हाय." चौथी त्यांनी माझ्याकडे दिली. मी कधीच नापास झालो नव्हतो. तो माझ्यातला मोठा दोष होता असं आता वाटतं. मूल कुठं अडलंय हेच मला कळायचं नाही.

मी पहिल्यांदा पाड्यावर गेलो तेव्हा आवणी, म्हणजे भाताची लावणी चालू होती. नाशिकहून मोटारसायकलवर निघालो. इस्त्रीची पँट, नवे बूट, पाठीवर थैली, थैलीत पुठ्ठ्याचे प्राणी, मण्यांची पाटी आणि एक कापडी बाहुली. डी.एड.ला माझ्या बाहुलीनाट्याला बक्षीस मिळालं होतं. डोंगरातलं शिक्षण आता या बाहुलीसाठीच खोळंबलंय अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

शाळेशी पोचलो तर दार उघडं, आत एक शेळी, बाकी कोणी नाही. थैली खुर्चीवर ठेवून बाहेर आलो. अंगणात बसलेल्या म्हातारीला विचारलं, "आजी, शाळा?"

"शाळा खाली गेली," ती म्हणाली आणि खाचरांकडं हात केला.

शाळा खरंच खाली गेली होती. आया चिखलात वाकून रोपं लावत होत्या. मोठी मुलं बांधावर बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर धाकटं भावंड. आवणीत मूल शाळेत येत नाही, कारण त्याला भावंड सांभाळायचं असतं. म्हणून बाई शाळाच उचलून बांधावर न्यायच्या. काळा रंग दिलेला पत्रा एका हातात धरून त्या उभ्या होत्या, लुगडं खोचलेलं, पाय घोट्यापर्यंत चिखलात.

"पंडित का? या. बांध तुटलाय, खालनं या."

मी ऐटीत पाऊल टाकलं. पाय गेला, मग दुसरा गेला. मी कसाबसा पुढं आलो आणि बूट मागंच राहिले. बांधावरची मुलं हसली, आया कंबर धरून हसल्या. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पत्र्यावर दोनाचा आकडा काढला आणि मुलांना विचारलं, "सरांचे बूट किती होते?"

"दोन!"

"चिखलानं किती घेतले?"

"दोन!"

"मग सरांकडं उरले किती?"

सगळं खाचर ओरडलं, "शून्य!"

पाड्यावरचा माझा पहिला तास वजाबाकीचा झाला, आणि उदाहरण मी होतो. वर येऊन पाहिलं तर शेळीनं थैली उलटी केलेली. बक्षीसपात्र बाहुलीचा एक हात तेवढा उरला होता.

शाळेचा खरा इतिहास माझ्या आधीचा आहे. तो मला बाईंनीच सांगितला, दर वेळी थोडा बदलून. सुरुवातीला शाळा पोलीस पाटलाच्या पडवीत भरायची. तिथं शेळ्या आधीपासून राहत होत्या, त्यामुळे शाळा ही त्यांची पोटभाडेकरू. खोली मंजूर झाली, पण जागा नव्हती. सपाटीची जागा होती ती सोमाआजाची. आणि सोमाआजाचा शाळेवर राग. त्याचे नातू गुरं राखायचं सोडून पडवीत बसायला लागले होते.

"पोरं तुझ्याकडं बसली तं माझी गुरं कोण राखंल? तू?" आजानं विचारलं.

"राखते की," बाई म्हणाल्या.

आणि खरंच शाळा सुटल्यावर काठी घेऊन त्या गुरांमागं जायला लागल्या. पहिल्या दिवशी एक गाय कमी आली. दुसऱ्या दिवशी सगळी गुरं शेजाऱ्याच्या नागलीत, म्हणजे नाचणीच्या शेतात शिरली आणि भांडण मिटवायला आजाला जावं लागलं. पुढं एकदा बैलजोडीच गेली. सगळा पाडा रान पालथं घालत फिरला आणि बैल दरीपलीकडच्या गावात सापडले. बाई तिथल्या एका ओट्यावर भाकर खात बसल्या होत्या. आजानं तिथंच हात जोडले.

"बाई, जागा घे. लागंल तेवढी घे. पण माझ्या गुरांना परत हात लावू नको."

ही गोष्ट बाई प्रत्येक समारंभात सांगायच्या. "लोक म्हणतात, बाईंनी शाळा कष्टानं उभी केली. साफ खोटं हाय. ही शाळा माझ्या गबाळेपणावर उभी हाय."

मी एकदा सहज विचारलं, "बाई, तुमच्या माहेरी तर गुरं होती ना?"

"होती की. दावण भरलेली. लहानपणी मीच सोडायचे."

"मग इथं कशी काय हरवली?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, अंबाड्यातला खडू काढून परत खोचला आणि म्हणाल्या, "जेवा तुम्ही."

गाण्याची त्यांना भारी हौस, आणि सुरांशी मात्र काहीच देणंघेणं नाही. प्रार्थना त्या स्वतः सांगायच्या. चाल वर जायला हवी तिथं खाली, खाली हवी तिथं त्या एकदम डोंगर चढायच्या. मी लहानपणी पेटी शिकलेला. हे मला सहन होईना. घरची पेटी मोटारसायकलला बांधून आणली आणि मुलांना शुद्ध चाल शिकवली. मुलांनी आठवडाभर माझ्या मनाखातर ती म्हटली. मग एक दिवस एका मुलीची आई आली. बराच वेळ दारात उभी राहून म्हणाली, "सर, ती रोज घरी देवापुढं म्हणते. आता ती म्हणायला लागली की तिची आजी विचारते, आज ही परक्याचं गाणं काय म्हणते?"

बाई मला म्हणाल्या, "तुमची चाल चांगली हाय, पंडित. माझी वाईटच हाय. पण ह्यांच्या आयांना मीच बिघडवून ठेवलंय. आता लेकरांना एकट्यानं सुधारायचं म्हणजे घरात भांडणं."

पेटी परत गेली. आज मी स्वतःच ती प्रार्थना बाईंच्या चालीत सांगतो. कुठं शुद्ध चाल कानावर आली की मला वाटतं, म्हणणाऱ्याचं काहीतरी चुकतंय.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण दिवाळीनंतरची शाळा कुणाला हसू येईल अशी नव्हती. भात कापून झालं की घरंच्या घरं दिंडोरी, पिंपळगावकडं द्राक्षबागांत कामाला जायची, पोरांसकट. नोव्हेंबर उजाडला की माझ्यापुढं बाकं असायची आणि बाकांवर दोनचार मुलं. परत आलेली मुलं अक्षरं विसरून यायची. मग पुन्हा बाराखडी, तोवर पुन्हा दिवाळी. त्यातच वरून निरोप आला, की पट टिकला नाही तर शाळा बंद करून मुलं घाटावरच्या शाळेला जोडायची. घाटावर पावसाळ्यात बकरीसुद्धा जात नाही.

मी मनातल्या मनात नाशिकजवळच्या शाळांची नावं घोळवायला लागलो. बाईंनी दिवाळीआधी सगळ्या आयाबापांना शाळेत बोलावलं.

"पोरं इथंच ठेवा," त्या म्हणाल्या. "मी शाळेत ऱ्हाते त्यांच्याबरोबर. खाणंपिणं, निजणं सगळं इथं."

मग जनाबाई उठली. तिची सगुणा माझ्या वर्गात होती. जनाबाई कधी मोठ्यानं बोलायची नाही, तेव्हाही बोलली नाही.

"बाई, तुमची पोरगी नाशकात आजीकडं हाय, गादीवर. आमचं पोर तिकडं उपाशी निजलं तरी आमच्या कुशीत निजतं. ते कसं सोडायचं?"

बाईंचे यजमान नाशकातच अंबडला कारखान्यात होते. मुलगी रश्मी सिडकोत आजीपाशी. बाई शनिवारी घरी जायच्या आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत. मला वाटलं, बाई आता काहीतरी फिरकी घेतील. त्यांनी फडकं घेतलं आणि फळा पुसायला लागल्या. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

सभा उठली. सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, "ती खरं बोलली, पंडित. मी माझं पोर सोडून इथं आले, नि त्यांना सांगते, तुम्ही तुमचं सोडा."

"बाई, जेवायचं का?" मी म्हणालो.

"भूक नाय," बाई म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी चकल्या खात होतो. बाई जनाबाईच्या टोळीबरोबर टेम्पोत बसून द्राक्षबागेत गेल्या. बाग कुणाची होती, तर त्यांच्या सख्ख्या भावाची. ही टोळी दरवर्षी तिथंच जायची. बाई दोन्हीकडच्या, पण बागवाला आपला भाऊ आहे हे त्यांनी आजवर पाड्यावर कुणाला सांगितलं नव्हतं. भाऊ मजूर बघायला आला तर मजुरांत बहीण.

"अक्का, हे काय? घरात चल. लोकं काय म्हणतील?"

"ह्यांना पण घे घरात. मग येते."

भाऊ परत फिरला. बाई टोळीबरोबर ताडपत्रीखाली राहिल्या, बागेत घडांतले जादा मणी खुडून ते विरळायला उभ्या राहिल्या. बाईंचा हात इतका सावकाश, की मुकादम ओरडला, "ह्या मावशीला कोणी आणली?" हे सांगताना बाई स्वतः हसायच्या. पण तिथली लहान मुलं द्राक्षाच्या क्रेटमध्ये पोतं टाकून निजवलेली असायची, हे सांगताना हसायच्या नाहीत. भावानं त्या हंगामात मजुरांसाठी पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या, एवढं मात्र झालं. त्यावर बाई म्हणायच्या, "त्यानं बांधल्या नाय, मी रुसून बांधायला लावल्या."

सुट्टी संपली. पहिल्या दिवशी बाई एसटीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या मागून दप्तर घेतलेली एक चष्मेवाली मुलगी उतरली. रश्मी. बाईंनी तिला नाशिकच्या शाळेतून काढून माझ्या चौथीत घातलं होतं. यजमानांनी त्यांच्याशी कित्येक दिवस बोलणं टाकलं. रश्मीही खूश नव्हती. पहिल्या आठवड्यात ती रोज रडली, आणि बाई तिला कुशीत घेऊन शाळेतल्या सतरंजीवर निजल्या.

ही बातमी द्राक्षबागेत कशी पोचली कोण जाणे. पण काही दिवसांनी जनाबाईचा नवरा सगुणाला घेऊन आला. म्हणाला, "तिची आई म्हणाली, बाईंच्या एका कुशीला त्यांची पोरगी हाय. दुसरी रिकामी असंल तं हिला घ्या."

मग हळूहळू बाकीची आली. घराघरांतून तांदूळ, नागली, वरई आली. शाळेला पातेलं लागलं आणि पातेल्यामागं माणूस लागला. तो माणूस मी होतो. बाई मुलांकडं बघायच्या, मी चुलीकडं. नागलीची भाकर थापणं हे पेटी वाजवण्यापेक्षा अवघड काम आहे. माझी भाकर गोल कधी झालीच नाही. मुलं ती ताटात घेऊन भांडायची, ही श्रीलंका, ही आफ्रिका. बाई म्हणायच्या, "पंडितांचा भूगोल पक्का हाय. गणितात वर्तुळ तेवढं राहिलंय."

थंडीत एक दिवस शिक्षण खात्याचे साहेब आले. पट बघून शाळा बंदचा अहवाल द्यायला आले होते हे उघड होतं. वर्ग उघडला तर मुलंच मुलं. साहेब दचकलेच. दुपारी सगळ्यांबरोबर पंगतीला बसले आणि त्यांच्या ताटात माझी भाकर पडली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"साहेब, तो आफ्रिका हाय," सगुणानं सांगितलं. "खाली टोकाकडून खा, तिकडं मऊ ऱ्हातो."

साहेब टोकाकडून खाऊ लागले. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या पांघरुणांच्या चळतीकडं गेलं. "बाई, मुलं रात्री इथं राहतात? याची परवानगी आहे?"

बाईंनी हात धुतले, पदराला पुसले.

"परवानगी नाय, साहेब. मुलं हायेत. दोन्हीतलं एकच मिळत होतं. मी मुलं घेतली."

साहेब उठले. जीपमध्ये बसून गेले. पुढचे काही दिवस माझी झोप उडाली होती. बाई निवांत घोरायच्या. शेवटी कार्यालयातून दोन निरोप एकाच टपालात आले. एकात शाळा चालू राहील असं होतं. दुसऱ्यात, मुलांना विनापरवाना शाळेत का ठेवलं, याचा बाईंनी खुलासा करावा असं होतं. बाईंनी पहिला निरोप सगळ्या पाड्याला वाचून दाखवला आणि दुसऱ्याचा खुलासा मला लिहायला लावला, कारण माझं आडनाव पंडित.

पुढं स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहं सरकारनंच सुरू केली. ती कशी चालवायची हे सांगायला बाईंना नाशिकला बोलावलं, तेव्हा माईकपुढं उभं राहून त्यांनी विचारलं, "आधी भाषण देऊ, का आधी खुलासा?" सभागृहाला काही कळलं नाही. पहिल्या रांगेत बसलेले ते साहेब तेवढे हसले.

शाळा वाढत गेली. चौथीची सातवी झाली. खोल्यांना खोल्या लागल्या, भिंतींवर प्राणी आले, फळ्याशेजारी मोठा पडदा आला. तो पडदा चालू करायला मला अजून सहावीतल्या मुली लागतात. रश्मी सातवीपर्यंत इथंच शिकली आणि जाताना येतानापेक्षा जास्त रडली. सगुणा एसटीत कंडक्टर झाली. घाटातून गाडी आणते तेव्हा शाळेसमोर विनाकारण घंटी मारते. माझ्या बदलीचा विषय निघायचा, बाई म्हणायच्या, "जा की. पण भाकर थापणारा बघून द्या." असा माणूस मला सापडला नाही, असं मी सांगतो. खरं म्हणजे मी शोधला नाही.

निवृत्तीनंतर बाई सिडकोत राहायला गेल्या आणि त्या वयात स्कूटर शिकल्या. कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आयुष्यभर दुसऱ्याच्या मागं बसले. कधीमधी एसटीच्या छतावर पण." दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडं गेलो होतो. जेवण झालं. मला सिन्नरला बहिणीकडं जायचं होतं, आणि गाडी नाशकातल्या द्वारका चौकात मिळणार होती.

"चला, मी सोडते."

"बाई, रिक्षा मिळेल."

"बसा म्हणते ना."

बसलो. सिडको ते द्वारका हा प्रवास मी डोळे मिटून केला, त्यामुळे वाटेत काय काय वाचलं ते सांगता येणार नाही. ब्रेक लावायच्या ऐवजी बाई दोन्ही पाय खाली टेकवायच्या. द्वारकेला उतरलो तेव्हा कुठं डोळे उघडले.

"नीट जा," त्या म्हणाल्या. "नि हे बघा, मागनं हाक मारू नका. हात करू नका. मागं बघितलं की माझा तोल जातो. मी सरळच जाणार."

"बरं बाई."

त्या निघाल्या. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला शहर बस, मधून त्यांची स्कूटर, आणि दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर, बाहेर काढलेले. पाठीवर पदर, अंबाडा पांढरा झालेला. त्यांना दिसणार नाही हे माहीत असूनही माझा हात आपोआप वर गेला. मी हलवत राहिलो. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मागं पाहिलं नाही.

माझ्यापुढं एक रिक्षा येऊन थांबली. तिच्यामागं दुसरी.

"कुठं जायचंय, काका?"

"कुठं नाही," मी म्हणालो. हात तसाच वर होता. उड्डाणपुलाखालच्या गर्दीत बाईंची पाठ अजून थोडी दिसत होती.